स्विफ्टला एलपीजी किट : किट ठीकच आहे, खरा खेळ ट्यूनिंगचा

पुण्या-मुंबईच्या लोकांनो, वाचलं तरी चालेल पण हे तुमच्या कामाचं नाही, तुमच्याकडं सीएनजीचे पंप ढिगानं आहेत, तेच लावा. हे आमच्या नागपूरकडच्यांसाठी लिहितोय. २०२२ च्या मार्चमध्ये इथं सीएनजी १२० रुपये किलो झाला होता, आठवतं ना, अख्ख्या देशात सगळ्यात महाग, पेट्रोललाही मागं टाकलं होतं. पाइपलाइन नव्हती, गुजरातवरून टँकरनं एलएनजी (थंड करून पातळ केलेला नैसर्गिक वायू) यायचा आणि त्याचा सीएनजी करून विकायचे, मग भाव काय लागणार. नंतर उतरला भाव, पण माझं मन तेव्हाच उडालं. आणि दुसरं म्हणजे सीएनजीचा तो भलामोठा सिलिंडर डिकीत टाकला की लग्नाला जाताना बॅगा मांडीवर घेऊन बसा.

तर गाडी आहे स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१४ ची, १.२ चं इंजिन, बीएस-फोर म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली. रोजचं वाडीवरून बुटीबोरी एमआयडीसीला जाणं-येणं, म्हणजे दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर कुठं गेले नाहीत. पेट्रोलवर सिटी-हायवे मिळून १५ च्या आसपास द्यायची. गाडीला काहीच झालेलं नाही, विकून इलेक्ट्रिक घ्यायचं बजेट नाही, म्हणून तिला बाहेरून एलपीजीचं किट लावलं.

किट सिक्वेन्शियल घेतलं, इटालियन कंपनीचं. बाजारात लोव्हाटो, लँडी रेन्झो, बीआरसी ही जी नावं ऐकाल ती सगळी इटलीचीच आहेत, आणि लोव्हाटो तर २००८ पासून लँडी रेन्झोच्याच मालकीची आहे, त्यामुळं गॅरेजवाला एकाला शिव्या घालून दुसरं गळ्यात मारत असेल तर फार मनावर घेऊ नका. मनावर घ्यायचं ते एवढंच की मिक्सरवालं जुनं किट घ्यायचं नाही. ते कार्बोरेटरच्या जमान्यातलं, हवेच्या पाइपात एक मिक्सर बसवतात आणि गॅस इंजिनच्या ओढीनं आत जातो. स्वस्त पडतं पण इंजेक्शनच्या गाडीत कधी पिकअप मरतो कधी बॅकफायर होतं. सिक्वेन्शियलमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर, आणि गॅसचा ईसीयू (इंजिनला किती इंधन सोडायचं ते ठरवणारा छोटा कंप्युटर) पेट्रोलच्या ईसीयूकडून सिग्नल घेऊन त्याप्रमाणं गॅस सोडतो. स्विफ्टचे चार सिलिंडर, चार इंजेक्टर.

बाकी सामान म्हणजे टाकी, टाकीवरचा मल्टिव्हॉल्व्ह (गॅस भरणं-सोडणं सांभाळणारा), तांब्याची नळी, फिल्टर, रेड्यूसर आणि स्टिअरिंगजवळ एक बटण. टाकीत गॅस पातळ असतो, लिक्विड, तो रेड्यूसरमध्ये येऊन वायू होतो आणि वायू होताना थंडी सोडतो, म्हणून रेड्यूसरला इंजिनच्या कूलंटची गरम लाइन जोडतात. म्हणूनच गाडी कायम पेट्रोलवर स्टार्ट होते आणि कूलंट ठरलेल्या तापमानाला आला की आपोआप गॅसवर जाते. उन्हाळ्यात मिनिटभरात, डिसेंबरात सकाळी जरा जास्त. हे कोणी सांगत नाही पण महत्त्वाचं आहे, कारण ज्याचं चालणं म्हणजे धरमपेठेतून सीताबर्डी आणि परत, त्याची अर्धी गाडी पेट्रोलवरच चालेल आणि तो म्हणणार एलपीजी फालतू आहे.

टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात बसते, गोल, मधे भोक असलेली. माझी ३५ लिटरची आहे पण भरते २८, कारण ८० टक्क्यांवर व्हॉल्व्ह स्वतःच बंद होतो. पंपावरचा पोरगा आणखी भरू का विचारतो, भरलं जाणारच नाही, ती जागा गॅसला फुगायला ठेवलेली असते आणि आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री असते राजेहो, ती जागा लागते. डिकी जवळजवळ पूर्ण मोकळी राहिली हा सगळ्यात मोठा फायदा. स्टेपनी मात्र बेघर झाली, ती आता डिकीत आडवी पडून असते, लांब जाताना नेतो, रोजच्याला हवेचा छोटा पंप आणि पंक्चर किट ठेवतो. टायर ट्यूबलेस आहेत, चालून जातं.

आता गॅरेजचं. हिंगणा रोडच्या बाजूचं आहे, नाव नाही लिहीत. फिटिंगचं काम सुरेख, खरंच. वायरिंग सगळं कंपनीच्या वायरिंगसोबत टेप मारून, कुठं लोंबकळत नाही, गॅसची लाइन गाडीखालून क्लिपा मारून नेली, सायलेन्सरपासून लांब. साबणाच्या पाण्यानं प्रत्येक जॉइंट माझ्यासमोर तपासला. इथपर्यंत पाचपैकी पाच.

पण ट्यूनिंग, म्हणजे इंजिनला कधी किती गॅस सोडायचा ते लॅपटॉपवरून बसवणं! गाडी जागेवर उभी, न्यूट्रलमध्ये, लॅपटॉप लावला, ऑटो कॅलिब्रेशनचं बटण दाबलं, झालं म्हणाला, न्या. दुसऱ्या दिवशी रिंग रोडवर गॅसवर जाताना दणकन झटका, तिसऱ्या गिअरमध्ये चढावर हुंदके द्यायला लागली आणि आठवडा व्हायच्या आत चेक इंजिनची लाइट. परत गेलो तर तिथला पोरगा म्हणतो, "अरे भाऊ, गॅसवर ती लाइट येतेच, टेन्शन काऊन घेता?"

नाही येत. नीट ट्यून केलेल्या गाडीत नाही येत, हे डोक्यात पक्कं करा. लाइट येते कारण गॅस कमी किंवा जास्त जातोय आणि पेट्रोलचा ईसीयू ते भरून काढता काढता हात टेकतो. स्कॅनर लावला की बहुतेक वेळा मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानानं गॅस कमी, असल्याचा कोड निघतो. लीन चालवत राहिलं की आत तापमान वाढतं, त्याचा त्रास एक्झॉस्ट व्हॉल्व्हला. काही लोक तर लाइट येऊ नये म्हणून एक वेगळा डबा लावून देतात, लाइट विझते, बिघाड तसाच. असला डबा लावू देऊ नका.

मग त्याच गॅरेजचा म्हातारा मिस्त्री आला, तो रोज नसतो. त्यानं लॅपटॉप घेतला, बाजूच्या सीटवर बसला आणि म्हणाला तुम्ही चालवा साहेब, मी पाहतो. आधी पेट्रोलवर, तिसरा गिअर, ठरावीक वेग, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो तो आकडा पाहिला. मग तोच गिअर, तोच वेग, गॅसवर. आकडा तोच राहिला पाहिजे, वाढला तर गॅस कमी पडतोय, घटला तर जास्त जातोय, हा एवढाच हिशोब, पण तो प्रत्येक आरपीएमला आणि प्रत्येक लोडला बघावा लागतो, एसी लावून, एसी बंद करून, चढावर, मोकळ्या रस्त्यावर. त्याला एका फेरीतच कळलं की इंजेक्टरचे नोझल, म्हणजे गॅस बाहेर पडायची भोकं, या इंजिनला बारीक पडतायत, वरच्या आरपीएमला गॅस पुरत नाहीये. परत येऊन नोझल ड्रिल करून मोठे केले, कूलंटच्या लाइनमधली हवा काढली, कारण हवा अडकली की रेड्यूसर तापत नाही आणि झटका तिथूनही येतो, गॅसवर जायचं तापमान थोडं वाढवलं आणि परत रस्त्यावर. त्यानंतर गाडी कधी गॅसवर गेली ते फक्त बटणावरच्या लाइटवरून कळतं. ना झटका, ना चेक इंजिन.

सामान तेच, बिल तेच, आणि दोन माणसांच्या हाताखाली दोन वेगळ्या गाड्या. म्हणून गॅरेजमध्ये शिरल्यावर किट कोणतं हे विचारण्याआधी विचारा की ट्यूनिंग रोडवर करता का आणि कोण करतं. हो-हो करून विषय बदलला तर उठून या. मी गॅरेजला पाचपैकी साडेतीन देतो, त्यातला दीड त्या मिस्त्रीचा.

स्पार्क प्लगचंही त्यानंच सांगितलं. गॅस पेटवायला कॉइलवर जास्त जोर येतो, म्हणून प्लगची गॅप थोडी कमी, ०.७-०.८ मिलिमीटर ठेवायची आणि प्लग जरा लवकर बदलायचे. एअर फिल्टर स्वच्छ. गॅसचे फिल्टर पंधरा-वीस हजार किलोमीटरला. आणि टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट, अधूनमधून मोजून घ्यायचा, कारण गॅसवर व्हॉल्व्ह सीट हळूहळू झिजून गॅप बंद होत जाते आणि स्विफ्टच्या या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, स्वतःहून काही सेट होणार नाही. पेट्रोलची टाकी कधी कोरडी करू नका, पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो आणि बऱ्याच गाड्यांत गॅसवर असतानाही तो फिरत असतो. पाव टाकी कायम ठेवा.

अॅव्हरेज आणि पैसे. गॅसच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळं लिटरमागं १५ ते २० टक्के कमी देणारच, कोणी म्हणालं आमच्या किटवर पेट्रोलएवढंच देते तर ऐकून सोडून द्या. माझी १५ ची १२-साडेबारा झाली. धरा पेट्रोल १०५ आणि गॅस ६५, तर पेट्रोलवर किलोमीटरला ७ रुपये आणि गॅसवर सव्वापाच. म्हणजे पावणेदोन रुपये वाचले. माझं महिन्याचं चालणं बघता तीन हजाराच्या वर उरतात, किट, फिटिंग, आरटीओ सगळं धरून खर्च बेचाळीस हजाराच्या घरात, तर वर्ष-सव्वा वर्षात वसूल. पण ज्याची गाडी महिन्याला तीनशे किलोमीटर चालते त्याला महिन्याला पाचशे रुपये वाचतील आणि किट वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षं लागतील, त्यानं हा उद्योग करूच नये, सरळ सांगतो. भाव पण कायम तोच नसतो, महिन्याच्या महिन्याला बदलतो, आणि मागं सौदी अरामको या तेल कंपनीचा दर आणि डॉलर असतो. घरच्या सिलिंडरवर जीएसटी ५ टक्के आणि ऑटो एलपीजीवर, म्हणजे पंपावरच्या गाडीच्या गॅसवर, १८ टक्के, ते वेगळंच.

त्यामुळंच लोकांना घरचा गॅस भरायचा मोह होतो. लाल सिलिंडर उलटा टांगून मोटर लावून व्हॅनमध्ये भरणारी दुकानं प्रत्येक गावात आहेत, सगळ्यांना ठाऊक आहेत. गुन्हा तर आहेच, पण तो भरताना जो गॅस सुटतो तो हवेपेक्षा जड, उडून जात नाही, जमिनीवर पसरून बसतो आणि कुठंतरी एक ठिणगी शोधतो. पेपरात वाचताच की. याच कारणासाठी बेसमेंट पार्किंगमध्ये गॅसचा वास आला तर स्टार्टर मारायचा नाही, टाकीवरचा कॉक बंद करायचा आणि गाडी हातानं ढकलून उघड्यावर आणायची. बाकी टाकीला घाबरायचं कारण नाही, सीएनजीचा दाब २०० बार असतो, हिचा साधारण पाच ते दहाच्या मधे.

कागदपत्रं. किट टाइप अप्रूव्ह्ड (अधिकृत चाचणीत पास झालेलं) पाहिजे, गॅरेज आरटीओकडं अधिकृत पाहिजे, आणि आरसीवर इंधन पेट्रोल प्लस एलपीजी असं चढलं पाहिजे. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी. बीएस-सिक्स गाड्यांना पूर्वी बाहेरून किट लावताच येत नव्हतं, २०२२ मध्ये केंद्रानं नियम बदलला, पण तुमच्या नेमक्या मॉडेलला मंजूर किट आहे का ते आधी कागदावर बघा. इन्शुरन्स कंपनीला कळवलं, ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये वाढले, एवढ्यासाठी लपवणारे लोक मला कळत नाहीत, आग लागली तर क्लेम कोण देणार. टाकीची टेस्ट दर पाच वर्षांनी, तारीख टाकीवरच ठोकलेली असते, जुनी टाकी कोणी स्वस्तात देत असेल तर आधी ती तारीख वाचा.

पिकअप थोडा कमी झालाय, एसी लावून चार माणसं बसली आणि छिंदवाड्याच्या बाजूचा घाट आला की जाणवतं, तेव्हा बटण दाबून पेट्रोल. सपाटीला काही फरक नाही, उलट आवाज जरा मऊ झाला. मे महिन्यात दुपारी गॅस भरायला गेलात तर फार हळू भरतो, तापलेल्या टाकीतला दाब वाढलेला असतो, म्हणून सकाळी किंवा रात्री.

पंपांना मात्र पाचपैकी दोनच. गोगॅस नावानं गॅस विकणारी कॉन्फिडन्स पेट्रोलियम नागपूरचीच, तरी शहराबाहेर गेलं की पंप शोधत फिरावं लागतं, आणि सापडला तर कधी लाइट नाही, कधी टँकर आलेला नाही. मॅपवर दाखवतो म्हणून विश्वास ठेवू नका, फोन करूनच निघा. अमरावतीकडं किंवा समृद्धीवर जाताना मी इथूनच टाकी फुल्ल करतो आणि गॅस संपला की पुढं गुपचूप पेट्रोलवर जातो. तुमच्या रोजच्या रस्त्यावर एक तरी चालू पंप असेल तरच लावा. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरवाल्यांनी तिकडच्या पंपांचं काय ते खाली लिहा, मला त्या बाजूला नेहमी जावं लागतं.