स्मार्ट स्पीकर, आठ महिन्यांनंतर: हाकेला ‘ओ’ न देणारी ‘ती’

फोनवरच्या गुगल असिस्टंटला २०१८पासून मराठी येतं. घरातल्या या आवाजावर चालणाऱ्या स्पीकरला येत नाही. त्याच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलावं लागतं. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त तेच आडवं आलं.

घोळ ‘लावा’चा. मराठीत दिवा लावतात, पंखा लावतात, गाणीही लावतात. घाईत तोंडातून ‘पंखा लगाओ’ निघतं. हिंदीत तो पंखा बसवणं झालं, म्हणून समोरून ‘माफ कीजिए’ येतं. ‘चालू करो’ म्हटलं की काम होतं. अॅपमध्ये ‘हॉल फॅन’, ‘बेडरूम फॅन’ अशी वेगळी नावं द्यावीत. दोन्हींना नुसतं ‘फॅन’ ठेवलंत तर भलताच फिरतो.

दुसरी अडचण सवयीची. आपल्याकडे हाक मारली की ‘ओ’ येईपर्यंत माणूस थांबतो. आजी-आजोबा स्पीकरला जागं करणारं नाव घेऊन तसेच थांबतात. स्पीकर नुसता दिवा पेटवतो, काही सेकंद वाट बघतो आणि गप्प होतो. मग ‘बहिरी मेली’ असा शेरा. सेटिंगमध्ये ऐकायला सुरुवात झाल्याचा आवाज चालू करता येतो, तो करावाच. ‘टुंग’ हीच ‘ओ’, एवढं सांगितलं की पुरतं.

शेऱ्यात ‘मेली’च का? डबा ‘तो’ असला तरी आतला आवाज हिंदीत ‘करती हूँ’ म्हणतो, म्हणून घरात ‘ती’च. मुलं हुकूम सोडतात, आजी ‘अगं बाई’ने सुरुवात करते. ही लाडीगोडी वाया जाते, कारण नावाच्या आधीचं बोलणं आदेशात धरलंच जात नाही.

पाहुणे आले की ‘ती ऐकतेय’ म्हणून आवाज खाली येतात. जागं करणारा शब्द यंत्र स्वतःच ओळखतं; पुढचं बोलणं सर्व्हरवर जातं. पण टीव्हीवरच्या मिळत्याजुळत्या शब्दानेही ते जागं होतं, तेव्हा कुजबुज अगदीच उगाच नाही. माइकचं बटण दाबून लाल दिवा लागलेला दाखवला की मंडळी निवांत होतात. रेकॉर्डिंग आपोआप पुसायची मुदत अॅपमध्ये लावून ठेवावी.

ओट्यावर ठेवू नये, मिक्सरपुढे काही ऐकू जात नाही. भिंतीपासून वीतभर पुढे बरा. गीझर आवाजावर चालवायचा तर स्मार्ट प्लग १६ अँपिअरचाच; २००० वॅटला ६ अँपिअरचा तापतो. आत बॅटरी नाही. इन्व्हर्टरवर घेणार असाल तर राउटरही त्याच लाइनवर घ्या, नाहीतर दिवे गेले की ‘ती’ जागी असूनही मुकी.