थर्मोस्टॅटवाली ब्रूडर पेटी: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एक पावसाळा वापरल्यावर

कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारी ही पेटी मिरगाच्या तोंडावर घेतली, चवथ होऊन गेली तरी चालूच आहे. आत सिरॅमिक हीटर, बाहेर थर्मोस्टॅट, वर पॉलिकार्बोनेटचं झाकण. विकणारा म्हणाला, ‘पिल्लांना सर्दी होणारच नाही.’ ते सोडून द्या. पण उबेच्या बाबतीत पैसे वसूल.

पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. हे बल्ब वर-खाली करून सांभाळायचं तर रात्रभर उठाबशा. ते काम आता पेटी करते. फक्त सेन्सर भिंतीवर उंच बसवून येतो; तो खाली, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणून घ्या. तरी आकड्यापेक्षा पिल्लांवर विश्वास ठेवावा. हीटरखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, कडेला चोच वासून बसली तर उकडतंय, सगळीकडे पांगून दाणे टिपत असली की बरोबर.

घोडं अडतं ते हवेपाशी. कारखान्यातून आलेली भोकं म्हणजे नावाला. जुलैत आमच्याकडे बाहेरचीच हवा ओलीकिच्च, त्यात झाकणाला आतून पाणी धरतं आणि थेंब खालच्या तुसाच्या गादीवर. ड्रिंकरभोवतीचं (पाण्याच्या भांड्याभोवतीचं) तूस भिजून त्याची ढेकळं होतात, त्यातून अमोनिया सुटतो. उभ्याउभ्या वास येत नाही. वाकून पिल्लांच्या उंचीला नाक न्यायचं. डोळे चुरचुरले तर पिल्लांचं काय होत असेल ते समजा. या वायूने श्वासनळीतली बारीक लव निकामी होते आणि ई. कोलायसारख्या जंतूंना रान मोकळं मिळतं. आधी शिंका, मग नाकपुडीला चिकटलेला खाद्याचा चुरा, मग रात्री लाईट गेल्यावर अंधारात ऐकू येणारी घरघर.

मी वरच्या कडेने भोकं पाडून जाळी मारली, झाकण चार बोटं उचलून ठेवलं, ड्रिंकर विटेवर चढवला. ओलं तूस रोज सकाळी बाहेर. घरघर बरीच कमी झाली, तीही औषधाविना.

औषधाचं सांगायलाच हवं, कारण आमच्या वाड्यावर पिल्लू शिंकलं की कुणीतरी डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची) पुडी घेऊन हजर. शेजाऱ्यांनी सॉ मिलचा ओलसर भुसा अंथरला होता. त्यांची पिल्लं मान वर करून धापा टाकायची, पण घरघर अजिबात नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलेलं पिल्लू फाडून बघितलं तर फुप्फुसात पिवळसर गाठी. ॲस्परजिलस, म्हणजे बुरशी. तिच्यावर अँटिबायोटिक कितीही पाजा, फुकट. आणि कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कुणी सुचवलं तर घेऊ नका, खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना ते देण्यावर भारतात 2019 पासून बंदी आहे.

पेटीच्या हातात नसलेल्या गोष्टी आणखी दोन. राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाला लसच हवी: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास परत. आणि मायकोप्लाझ्मा हा श्वासाचा आजार करणारा जंतू अंड्यातूनही पिल्लात येतो, तेव्हा मूळ कळपाची तपासणी झाली आहे का, हे पिल्लं घेतानाच हॅचरीवाल्याला विचारा. तो गुळमुळीत बोलला तर दुसरीकडे जा.

लाईट गेली की पेटी तासभर ऊब धरते. पुढे मी गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून आत ठेवते. कोळशाची शेगडी नको, तिच्या धुराने आणि वायूने पिल्लांचा जीव घुसमटतो.

पेटीवर ‘50 पिल्लं’ छापलंय. पावसात 30च्या वर भरू नका, तेही दुसऱ्या आठवड्यापर्यंतच. शंभराची तुकडी आणायची असेल तर ही पेटी घेऊच नका. पत्र्याचं गोल कुंपण, पिल्लामागे दोन वॅट धरून बल्ब आणि वर मोकळी हवा, हे स्वस्तही पडेल.