बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीचा व्यवसायनीतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम: एक परीक्षण

चाकण परिसरातील आमच्या कारखान्याची मूळ कंपनी परदेशी असल्याने खरेदी, स्टोअर आणि लॉजिस्टिक्स या विभागांना यंदा व्यवसायनीतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा करण्यात आला. तो बाहेरच्या एका प्रशिक्षण संस्थेने तयार केला आहे आणि सर्व देशांतील कर्मचाऱ्यांना तोच दाखवला जातो. त्यातील लाचेविषयीचे धडे उत्तम आहेत. तक्रार-यंत्रणेचा धडा मात्र जिथे सांस्कृतिक फरक खरोखर आड येतो तिथेच कमी पडतो.

सर्वांत जमलेला प्रसंग न्हावा शेवा बंदरातला आहे. कंटेनर अडकला आहे, कारखान्यातील लाइन थांबण्याच्या बेतात आहे आणि क्लिअरिंग एजंट फोनवर म्हणतो, "साहेब, थोडं चहापाणी केलं की आजच सुटेल." हा प्रसंग तीन कायद्यांच्या कसोटीवर तपासला जातो. अमेरिकेच्या १९७७च्या कायद्यात नेहमीचे सरकारी काम लवकर उरकून घेण्यासाठी दिलेल्या रकमेला सूट आहे, तर ब्रिटनच्या २०१०च्या कायद्यात ती नाही. भारतात २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला ती देणे भाग पडले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण मिळते. आयात-निर्यातीचे काम करणाऱ्या प्रत्येकाला ही तरतूद माहीत असायलाच हवी, आणि ती इतक्या स्वच्छपणे मांडल्याबद्दल संस्थेचे कौतुक करावेसे वाटते.

"आमच्याकडे असेच चालते" ही सबबही अभ्यासक्रम टिकू देत नाही. परदेशात दिलेली लाच खर्च म्हणून दाखवून करात वजावट घेण्याची मुभा जर्मनीत १९९९पर्यंत होती. त्याच देशातील सीमेन्सला २००८ साली लाचखोरीच्या प्रकरणात अमेरिकी आणि जर्मन यंत्रणांना मिळून सुमारे १६० कोटी डॉलर मोजावे लागले. कायदा बदलला की वहिवाट बदलते, हे याहून चांगल्या उदाहरणाने सांगता आले नसते. दिवाळीच्या भेटींवरचा धडा ठीक आहे.

तक्रारींच्या बाबतीत मात्र "वरिष्ठांबद्दल शंका आल्यास निःसंकोच हॉटलाइनवर कळवा" एवढेच सर्वांना सांगितले जाते. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने २००५ साली दोन कंपन्यांच्या निनावी हॉटलाइनना मंजुरी नाकारली होती, कारण त्यातून चुगलीची संघटित पद्धत रुजेल अशी त्याला भीती वाटत होती. जपानमध्ये २०११ साली ऑलिम्पस या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रिटिश प्रमुखाने संशयास्पद व्यवहारांबद्दल प्रश्न विचारले, तेव्हा संचालक मंडळाने त्यालाच पदावरून दूर केले. वर्षानुवर्षे लपवलेला तोटा कंपनीने नंतर कबूल केला. यातले काहीही धड्यात नाही.

आमच्या स्टोअरमध्ये ठेकेदारामार्फत आलेली, साहेबांच्याच शब्दावर लागलेली गावाकडची मुले आहेत. साहेबांविरुद्ध बोलणे म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणे, अशीच त्यांची प्रामाणिक समजूत असते. ठेका पुढे चालू राहणेही साहेबांच्याच हातात असते. अशा मुलाला इंग्रजी-हिंदीतील ध्वनिमुद्रित आश्वासनाने धीर येत नाही. तक्रार कोण वाचेल, नाव कोणाला कळेल आणि उद्या गेटवर अडवले तर कोणाकडे जायचे, हे त्याला ओळखीच्या माणसाने मराठीतून समजावून सांगावे लागते.

त्यामुळे खरेदी आणि लॉजिस्टिक्स विभागांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. स्टोअर आणि लाइनवरच्या कामगारांसाठी मात्र, संस्था तक्रारींचा धडा मराठीतून नव्याने तयार करून देईपर्यंत, मनुष्यबळ विभागाने त्याऐवजी प्रत्यक्ष बैठक घ्यावी आणि त्या बैठकीत त्यांच्या थेट वरिष्ठांना बसवू नये.