डायव्हर्टिक्युलायटिस: नुसता आराम, अँटिबायोटिक, नळी की ऑपरेशन?

डावीकडे खाली पोट दुखतंय, अंगात कणकण आहे, गॅस असेल म्हणून दोन दिवस ओवा आणि सोडा झाला, मग सोनोग्राफी, मग सीटी, आणि रिपोर्टवर हा जीभ अडखळेल असा शब्द. लगेच घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते तेवढं आतडं काढून टाका एकदाचं, दुसरी म्हणते ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. रिपोर्ट दोघांनीही धड वाचलेला नसतो आणि निम्मा निर्णय तर त्यातच असतो.

होतं काय, तर मोठ्या आतड्याची भिंत जिथे कच्ची असते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबला येतात तसे छोटे फुगे येतात. नुसते फुगे असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस, वयानुसार ते खूप लोकांना असतात आणि बहुतेकांना कधी कळतही नाही. त्यातला एखादा सुजला की डायव्हर्टिक्युलायटिस. म्हणजे दुसऱ्याच कशासाठी केलेल्या कोलोनोस्कोपीत (शौचाच्या वाटेने दुर्बीण घालून मोठं आतडं बघतात ती तपासणी) फुगे दिसले आणि त्रास काहीच नाही, तर उपचार हवेत कशाला.

आता रिपोर्ट हातात घ्या. ‘सिग्मॉइड कोलन वॉल थिकनिंग, फॅट स्ट्रँडिंग, नो ॲबसेस, नो फ्री एअर’ असं असेल, म्हणजे आतड्याची भिंत जाड आणि आजूबाजूच्या चरबीत सूज, पण गळू नाही आणि हवा बाहेर आलेली नाही, तर साधी केस. ‘ॲबसेस’ म्हणजे पू भरलेलं गळू असेल तर शेजारी सेंटिमीटरमध्ये साईज असते, ती बघा. ‘फ्री एअर’ किंवा ‘पेरिटोनायटिस’, म्हणजे आतडं फुटल्याची खूण, दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, सर्जनकडे पळा.

साध्या केसमध्ये अँटिबायोटिक घ्यायचं की नाही? आपल्याला हा प्रश्नच विचित्र वाटतो, इन्फेक्शन आहे म्हणजे गोळी हवीच ना! पण स्वीडन आणि आइसलँडमध्ये सीटीने पक्क्या केलेल्या ६२३ पेशंटवर अभ्यास झाला (२०१२ मध्ये छापून आला), निम्म्यांना अँटिबायोटिक, निम्म्यांना नाही, आणि बरं होण्यात किंवा गुंतागुंतीत फरकच पडला नाही. नंतर नेदरलँड्समध्ये ५२८ जणांवर केलं तरी तेच, उलट औषध न दिलेले लवकर घरी गेले. त्यामुळे तब्येत एरवी चांगली, ताप फार नाही, तोंडाने पाणी जातंय, अशा माणसाला डॉक्टर ‘पेज, पॅरासिटामॉल, दोन दिवसांनी दाखवा’ एवढंच म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. पण स्टेरॉइड चालू आहे, केमो चालू आहे, किडनी बदललेली आहे, किंवा सीआरपी (रक्तातून सूज मोजणारी तपासणी) खूप वाढलाय, उलट्या थांबत नाहीत, तर मात्र अँटिबायोटिक हवंच आणि बऱ्याचदा ॲडमिटसुद्धा. बहुतेक वेळा ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह किंवा सिप्रो आणि मेट्रोनिडाझोल अशी जोडी देतात. मेट्रोवर दारू अजिबात नाही, आणि सिप्रोने स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या (टेंडन) दुखावू शकतात, टाच दुखायला लागली तर लगेच सांगा. मला विचाराल तर दोन्ही पर्याय चालण्यासारखे असतील तेव्हा ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह बरं.

घरी की ॲडमिट, यात आपल्याकडे मेडिक्लेम मध्ये घुसतो. बऱ्याच पॉलिसींत २४ तास ॲडमिट असल्याशिवाय क्लेम बसत नाही म्हणून पेशंटला उगाच सलाईन लावून झोपवलेलं असतं. तब्येत बघून ठरवा, पॉलिसी बघून नको.

गळू असेल तर साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतचं बरेचदा नुसत्या अँटिबायोटिकवर विरतं. त्याहून मोठं असेल आणि सुई पोचण्यासारखी जागा असेल तर सीटी किंवा सोनोग्राफीत बघत त्वचेतून नळी घालून पू काढतात. ही नळी हा फार चांगला मधला मार्ग आहे, ऐन सुजेत पोट उघडणं त्यामुळे टळतं, पण हे करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट गावात नसतो, तालुक्याच्या ठिकाणी असाल तर पेशंटला वेळेत जिल्ह्याला किंवा पुण्या-मुंबईला हलवणं हाच अर्धा उपचार.

आतडं फुटलं तर ऑपरेशन करायचं का हा प्रश्न उरत नाही, कुठलं एवढाच राहतो. जुना मार्ग हार्टमनचा, खराब भाग काढायचा आणि आतड्याचं तोंड पोटावर पिशवीत. नवा मार्ग म्हणजे भाग काढून तिथल्या तिथे जोडायचं, गरज वाटली तर थोडे महिने लहान आतड्याची पिशवी. डच सर्जन्सच्या एका मोठ्या अभ्यासात (२०१९) वर्षभरानंतर जिवंत आणि पिशवीशिवाय असलेले लोक जोडणीवाल्यांत साधारण ९५ टक्के होते, हार्टमनवाल्यांत ७२. ‘पिशवी काय, नंतर काढू’ असं सगळेच म्हणतात, पण हार्टमनची पिशवी काढायला पुन्हा मोठं ऑपरेशन लागतं आणि कितीतरी जणांचं ते राहूनच जातं. तरी पेशंटचं बीपी कोसळलेलं असेल तर सर्जन हार्टमनच करणार आणि तेच बरोबर, तिथे वाद घालू नका. दुर्बिणीतून नुसतं धुऊन काढायचा प्रकारही आहे, त्यात पुन्हा टेबलवर जायची वेळ जास्त येते, मला तो फारसा पटत नाही.

खरी डोकेदुखी प्लॅन्ड ऑपरेशनची, कारण तिथे विचार करायला वेळ असतो. पूर्वी नियम होता सुजेचे दोन ॲटॅक झाले की कापा, आणि पन्नाशीच्या आतला पेशंट असेल तर एकातच. तो नियम आता मोठ्या सर्जन संघटनांनीच सोडलाय, पण अजून ऐकवला जातो. साधे ॲटॅक येत राहिले म्हणून पुढचा फुटेलच असं नसतं, फुटायचं असेल तर ते बहुतेक पहिल्याच वेळी फुटतं. मग ऑपरेशन कोणासाठी? मोठं गळू होऊन गेलेल्यांनी सर्जनशी बोलावंच. फिस्टुला झालेल्यांसाठी तर हवंच, म्हणजे आतड्याला आणि मूत्राशयाला मध्ये वाट पडते, लघवीत हवा येते, लोक हे लाजेने सांगत नाहीत. आतडं अरुंद झालेल्यांसाठीही, पोप फ्रान्सिस यांचं २०२१ मध्ये रोमला ८४ व्या वर्षी झालं ते याचसाठी. आणि ज्यांना दोन ॲटॅकच्या मध्येही कधीच धड वाटत नाही त्यांच्यासाठी. या शेवटच्या गटावर नेदरलँड्समध्ये १०९ जणांचा अभ्यास झाला, सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं रोजचं जगणं बरं होतं, आणि ऑपरेशनशिवाय उपचार ठरवलेल्या गटातल्याही ४६ टक्के लोकांनी पाच वर्षांत ते करून घेतलंच. पण ऑपरेशन झालेल्यांत १५ टक्क्यांची जोडणी गळली, हाही त्याच अभ्यासातला आकडा आहे, आणि जोडणी गळणं म्हणजे पुन्हा ऑपरेशन, कदाचित पिशवी. म्हणून सर्जनला सरळ विचारा, तुमच्याकडे अशा किती जोडण्या गळतात. वर्षातून एकदा दुखून चार दिवसांत बरं होत असेल तर माझं मत थांबा. प्रवास, नोकरी, लग्नकार्य सगळं पोटाला विचारून ठरवावं लागत असेल तर करून घ्या. महात्मा फुले योजनेत बसतं का हे यादीतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

खाण्याचं म्हणाल तर दुखत असताना पेज, मऊ भात, वरणाचं पाणी, आणि बरं वाटलं की हळूहळू भाकरी, उसळी, पालेभाज्या, हवं तर ईसबगोल. तीळ, शेंगदाण्याचं कूट, पेरूच्या बिया फुग्यात अडकतात म्हणून जन्मभर बंद करणारे अजून आहेत. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांना १८ वर्षं बघून दाणे आणि पॉपकॉर्नने धोका वाढत नाही असं दिसलं, तेव्हा साबुदाण्याची खिचडी कुटासकट खा. बंद करायची असेल तर सिगरेट करा, आणि ऊठसूट घेतलेली कॉम्बिफ्लाम, त्यात आयब्युप्रोफेन असतं आणि त्या जातीच्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो. हृदयासाठीची ॲस्पिरिन मात्र डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. ऐन दुखण्यात एनिमा, बस्ती, जोराचं जुलाबाचं औषध यातलं काहीही नको.

उपचार कुठलाही होवो, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी लागते, वर्षभरात झालेली नसेल तर, कारण सीटीवर जाड दिसलेली भिंत कधीकधी कॅन्सरची निघते. दुखणं थांबलेलं असतं त्यामुळे लोक हीच तपासणी पुढे ढकलतात, डिस्चार्जच्या दिवशीच तारीख घेऊन ठेवा.