कचऱ्याच्या जमिनीत नाणी शोधायची, तर डिटेक्टरला कोणती कॉइल लावावी?

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या गावांच्या पार्कांत मेटल डिटेक्टर घेऊन उतरणाऱ्या प्रत्येकाला हवी असते चांदी. १९६४ पर्यंतच्या डाइम (१० सेंट) आणि क्वार्टर (२५ सेंट) या नाण्यांत ९० टक्के चांदी असायची. १९६५ च्या कायद्याने ती काढून टाकली आणि तांबं-निकेलची नाणी आली. गंमत अशी, की १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या एका बिअर कंपनीने ओढून काढायच्या कडीचे कॅन बाजारात आणले होते. म्हणजे चांदी चलनातून निघाली त्याच दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या गवतात पडायला लागल्या. १९७५ मध्ये कॅनलाच चिकटून राहणारी कडी आली खरी, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यात खिळे, बाटल्यांचे पत्र्याचे बिल्ले, चंदेरी फॉइल आणि गवत कापायच्या यंत्राखाली येऊन चिंध्या झालेले कॅन मिळवा. अशा जागी मशीन तीन पावलांतच बेजार होतं.

कॉइल म्हणजे दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती. मशीनबरोबर बहुतेक वेळा ११ इंची, म्हणजे २८ सेंटिमीटरची डीडी कॉइल येते (डीडी म्हणजे काय ते पुढे येईलच). दुसरी घ्यायची ठरली तर पर्याय तीनच: ६ इंची गोल डीडी, १० बाय ५ च्या आसपासची लंबगोल डीडी, आणि कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक वेटोळी असलेली. १५ इंची कॉइलचं नाव या कामासाठी काढूच नका. ती मोकळ्या शेतात आणि समुद्रकाठी शोभते.

खर्च करण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. कॉइल शेजारी वेगळे करते, जाती वेगळ्या करत नाही. पाच सेंटचं निकेल आणि कॅनची कडी यांची विद्युतवाहकता इतकी जवळजवळ आहे, की मिनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स ८०० डिटेक्टरच्या पडद्यावर निकेल साधारण १३ आकडा दाखवतं आणि कड्याही १३ पासूनच्या पुढच्या आकड्यांत घोटाळत असतात. तुम्ही ६ इंची लावा नाहीतर १५ इंची, हा आकडा तोच राहणार. निकेल हवं असेल तर कड्या खणाव्याच लागतात, त्याला इलाज नाही. लहान कॉइल उपयोगी पडते ती वेगळ्या ठिकाणी: डाइमच्या बाजूला चार बोटांवर खिळा पडलेला असतो आणि मोठी कॉइल दोघांचा मिळून एकच गोंधळलेला आवाज काढते, तिथे. त्यामुळे तुमच्या पार्काचं दुखणं कड्यांचं आहे की खिळ्यांचं, ते आधी ठरवा. नुसत्या कड्या असतील तर नवी कॉइल घेऊन फार काही हाती लागणार नाही.

डीडी कॉइलमध्ये इंग्रजी ‘डी’च्या आकाराची दोन वेटोळी मधोमध एकमेकांवर चढवलेली असतात. जिथे ती एकमेकांवर येतात, तो पुढून मागे जाणारा अरुंद पट्टाच खरा कामाचा. कॉइल डावी-उजवी फिरवताना हा पट्टा जमिनीवरून पात्यासारखा सरकतो. म्हणून डाव्या-उजव्या बाजूचे शेजारी ११ इंचीसुद्धा बऱ्यापैकी वेगळे करते. फसते ती पुढच्या-मागच्या शेजाऱ्यांत: नाणं पट्ट्याच्या पुढच्या टोकाला, खिळा मागच्या टोकाला, दोन्ही एकाच क्षणी पट्ट्याखाली. जाहिरातीत ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि कॉइल निवडताना सगळ्यात महत्त्वाची हीच.

| कॉइल | पट्ट्याची लांबी | फिरवण्याच्या दिशेतली रुंदी |
|---|---|---|
| ११ इंची गोल | २८ सेंमी | २८ सेंमी |
| १० बाय ५ लंबगोल | २५ सेंमी | १३ सेंमी |
| ६ इंची गोल | १५ सेंमी | १५ सेंमी |

आता लंबगोलचा हिशोब बघा. एका फेरीत पुढे सरकायचं अंतर २५ सेंटिमीटर, म्हणजे ११ इंचीच्या जवळपास तेवढंच, त्यामुळे पार्क लवकर उरकतो. रुंदी निम्म्याहून कमी, म्हणून एका वेळी कॉइलखाली येणारा कचराही कमी. शिवाय झाडांच्या मुळांमध्ये, बाकांच्या पायांशी ती सहज घुसते. पण पट्टा अजून लांबच आहे, म्हणजे पुढचा-मागचा शेजारी तिलाही चकवतो. यावर उपाय फुकटचा आहे: सिग्नल अर्धवट वाटला की त्याच्याभोवती पाव फेरी मारा आणि आडव्या दिशेने पुन्हा फिरवा. जे शेजारी मघाशी पुढे-मागे होते ते आता डावे-उजवे होतात. नाणं असेल तर आवाज टिकतो. गंजलेला खिळा असेल तर एका दिशेने चांदीसारखा गोड वाजलेला तोच सिग्नल दुसऱ्या दिशेने बहुतेक वेळा फुटतो किंवा गायबच होतो.

६ इंचीला ही पाव फेरी कमी वेळा लागते, कारण तिचा पट्टा सगळ्याच दिशांनी आखूड. जिथे खिळ्यांचा सडा आहे, म्हणजे पाडलेल्या घराची जागा, जुन्या बँडस्टँडचा परिसर, शाळेच्या पायऱ्यांच्या आजूबाजूची जमीन, तिथे तिच्याशी कुणाची बरोबरी नाही. पण किंमत मोजावी लागते ती वेळेची. तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट फेऱ्या होतात, आणि मोकळ्या हिरवळीवर ती लावून फिरणं म्हणजे शुद्ध कंटाळा.

लहान कॉइल खोल जाणार नाही, म्हणून लोक उगाच घाबरतात. एवढ्याशा नाण्याचा सिग्नल अंतराच्या जवळजवळ सहाव्या घाताने कमी होतो, त्यामुळे ताकद दुप्पट केली तरी खोली जेमतेम १२ टक्क्यांनी वाढते. स्वच्छ जमिनीत ११ इंची नक्कीच खोल जाते. पण कचऱ्यात तुमचं नाणं हरवतं ते शेजारच्या खिळ्याने झाकल्यामुळे, खोलीमुळे नव्हे. चार-पाच इंचांवरचं डाइम जी कॉइल वेगळं ऐकवते ती, आठ इंचांपर्यंत पोचून गोंधळ ऐकवणाऱ्या कॉइलपेक्षा केव्हाही बरी.

हे पटत नसेल तर अंगणात करून बघा. आधी डिटेक्टर फिरवून रिकामी जागा शोधा, तिथे गवतावर एक डाइम ठेवा आणि तीन बोटांवर दोन इंची लोखंडी खिळा ठेवा. लोखंड नाकारण्याचं सेटिंग नेहमीचंच राहू द्या. आधी खिळा नाण्याच्या बाजूला ठेवून फिरवा, मग नाण्याच्या पुढे. कॉइल जमिनीपासून दोन इंच, मग चार इंच वर धरा. कुठल्या मांडणीत डाइमचा आवाज तुटतो आणि कुठे फक्त लोखंडाची घरघर उरते, ते कान सांगतातच. मित्राकडे ६ इंची असेल तर तीच मांडणी तिच्यावर ऐका. पाच मिनिटांत निर्णय होतो.

कॉन्सेंट्रिकचं प्रकरण जमिनीवर अवलंबून आहे. यात एक वेटोळं दुसऱ्याच्या आत असतं आणि क्षेत्र खाली निमुळतं होत जातं. नेमकी जागा धरणं सोपं, आणि बाटलीचे पत्र्याचे बिल्ले डीडीला जितक्या वेळा फसवतात तितक्या वेळा हिला फसवत नाहीत. ज्या पार्कात बिल्ल्यांचा उच्छाद आहे तिथे हा मोठाच फायदा. गॅरेट कंपनीच्या एस ३०० डिटेक्टरवर ७ बाय १० ची कॉन्सेंट्रिक मुळातच येते. नव्या मल्टी-फ्रीक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणाऱ्या मशीनवर मात्र बहुतेक डीडीच मिळते. दक्षिण जर्सीच्या रेताड, सौम्य मातीत कॉन्सेंट्रिक मजेत चालते. उत्तरेला वॉचंग टेकड्यांच्या बाजूला गेलात तर गोष्ट वेगळी. त्या टेकड्या बेसॉल्टच्या, आपल्या सह्याद्रीच्याच जातकुळीच्या. मातीत लोहखनिज असलं की मातीच बोलायला लागते आणि कॉन्सेंट्रिकचा जीव गुदमरतो. तिथे डीडीला पर्याय नाही. शिवाय क्षेत्र निमुळतं असल्याने प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवावी लागते, नाहीतर खोलवरची नाणी मधल्या फटींत राहून जातात.

माझा कौल असा. एकच जादा कॉइल घ्यायची आणि मुख्यतः सार्वजनिक पार्कांत फिरायचं असेल, तर लंबगोल घ्या. इक्विनॉक्स असेल तर कॉइलटेक कंपनीची १० बाय ५, मिनलॅबचंच व्हँक्विश असेल तर मिनलॅबचीच ८ बाय ५. बरेच जण आधी ६ इंचीवर उडी मारतात, कारण ती लहान, गोड दिसते. पण पार्कात ती फार काळ लावून ठेवायचा धीर बहुतेकांकडे नसतो. ती घ्यावी ज्याच्याकडे ठरलेली, दाट कचऱ्याची जागा आहे आणि जो तिथे पुन्हा पुन्हा जाणार आहे त्याने. इक्विनॉक्स ९०० घेतलं असेल तर खोक्यातच ११ आणि ६ दोन्ही येतात, तेव्हा आधी ६ इंची वापरून बघा आणि मगच लंबगोलसाठी खिसा उघडा.

आणि काहीही मागवण्याआधी आहे त्याच ११ इंचीवर सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवा, रिकव्हरी स्पीड (एका सिग्नलनंतर पुढच्यासाठी मशीन किती लवकर तयार होतं ते) वाढवा आणि हात निम्म्या वेगाने फिरवा. निम्मी तक्रार तिथेच मिटते. लोक पूर्ण सेन्सिटिव्हिटीवर, झाडू मारल्यासारखे फिरतात आणि दोष कॉइलला देतात.

परवानगीचंही बघा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत डिटेक्टर जवळ बाळगण्यालाच बंदी आहे. गावच्या आणि काउंटीच्या पार्कांचे नियम ठिकठिकाणी वेगळे, तेव्हा पार्क खात्याला आधी विचारा. इकडचं वाचून भारतात मशीन घेऊन जाणाऱ्यांनी १८७८ चा निखात निधी कायदा लक्षात ठेवावा: जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. तसंही आपली आजची १ आणि २ रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असतात, त्यामुळे लोखंड नाकारण्याचं सेटिंग लावलंत तर मशीन त्यांना खिळ्यांच्याच पंक्तीत बसवू शकतं.

कॉइल मागवताना ती तुमच्याच मॉडेलची आहे ना ते तपासा. एका कंपनीची कॉइल दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लागत नाही, आणि एकाच कंपनीतही मॉडेलगणिक फरक असतो. कॉइलचं प्लास्टिकचं कव्हर सोबत येतं का ते विचारा. त्या कव्हरमध्ये माती आणि गवताचे तुकडे साचतात आणि मशीन उगाच किरकिरतं, म्हणून ते अधूनमधून काढून धुवावं लागतं. बसवताना केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, पण कॉइलच्या बिजागरीपाशी थोडी सैल सोडा. तिथे ताण बसला तर केबल तुटते, आणि वर सैल लोंबली तर प्रत्येक झोक्याला खोटा सिग्नल देते.