आठ महिने एमईके वापरल्यावर: माल चांगला, बूच खराब

फेब्रुवारीच्या गारपिटीनं आमच्या भागातली ज्वारी आडवी केली, त्याच रात्री वर्कशॉपच्या शेडचे दोन पत्रे उडाले. खाली आमचं पुष्पक उभं होतं. एचएएलचं दोन सीटचं, वर पंख असलेलं, कापड चढवलेलं विमान. १९५८ साली ते पहिल्यांदा उडालं आणि पुढं कितीतरी फ्लाइंग क्लबांत पोरं त्यावर शिकली. आमचं आता उडत नाही, मुलांना शिकवण्यासाठी ठेवलंय. सकाळी पाहिलं तर डाव्या पंखावर पत्र्याच्या कोपऱ्यानं दोन ठिकाणी कापड फाटलेलं, आणि जिथं गारा पडल्या तिथं रंगाला गोल गोल तडे. अंगावर नायटा उठतो तशी वर्तुळं. डोप म्हणजे कापड ताणून कडक करणारा, रंगासारखा लावायचा लेप. जुना, कडक झालेला डोप असाच तडकतो. खालचं कापड शाबूत असतं, वरचा थर फुटतो.

ठिगळ लावायचं तर त्याच्या भोवतीचा रंग काढावा लागतो, हे इथं वाचणाऱ्यांना सांगायला नको. एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, त्यांच्या एसी ४३.१३-१बी या दुरुस्तीच्या पुस्तिकेत दिलंय: आठ इंचांपर्यंतचं भोक असेल तर ठिगळ चारी बाजूंनी किमान दोन इंच पुढं गेलं पाहिजे, आणि तेवढ्या पट्ट्यातला डोप घासून किंवा थिनरनं धुऊन काढला पाहिजे. आमचं मोठं फाटलेलं पाच इंच होतं. कडा साफ कापून तिथं अंडाकृती भोक केलं. म्हणजे काम फार नाही, दोन इंचांचा एक पट्टा. त्यासाठी मी वाळूज एमआयडीसीतल्या एका दुकानातून एमईकेचा (मिथाइल इथाइल कीटोन, एक जोरकस थिनर) पाच लिटरचा डबा आणला. आज आठ महिने झाले, म्हणून लिहितोय.

पहिल्या आठवड्यात माझं मत असं झालं की पैसे पाण्यात गेले. चिंधी भिजवून रंगावर ठेवली, पाच मिनिटं थांबलो, खरवडलं, काहीच नाही. वरचा पांढरा रंग ढिम्म हलला नाही. मी दुकानदाराला फोन करून भेसळीचा आरोपही केला. तो आरोप चुकीचा होता, हे आधीच कबूल करतो.

गाड्या रंगवणारे एक चाचा आमच्या शेडच्या मागं काम करतात. त्यांना बोलावलं. त्यांनी नखानं रंग दाबून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "सर, हा टूके आहे. थिनरला हा जुमानत नाही. वरचं घासून काढा, मग बघा." टूके म्हणजे गाड्यांवर मारतात तो हार्डनरवाला पीयू रंग. कुणीतरी कधीकाळी चकाकी यावी म्हणून डोपवर तो मारून ठेवला होता. पॉलियुरेथेन एकदा पक्कं झालं की एमईकेत विरघळत नाही, आणि डोप मात्र, नायट्रेट असो की ब्युटिरेट, लगेच विरघळतो. म्हणजे मी कुलूप न काढता दार ढकलत होतो.

मग ३२० नंबरचा वॉटर पेपर, पाणी आणि धीर. कोरडं घासायचं नाही. सुकं कापड घासलं की स्थिर वीज तयार होते, बाजूला एमईके उघडं असतं, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट उणे ९ अंश आहे. म्हणजे मराठवाड्यात वर्षातला एकही दिवस असा नाही की त्याची वाफ पेट घेणार नाही. मुलांना सुती कपड्यांत यायला सांगितलं आणि विमानाला अर्थिंगची वायर लावली. घासताना एका मुलीचा हात सतत आतून कापडाला टेकू देत होता. रिबवर, म्हणजे कापडाखालच्या पंखाच्या फासळीवर, पेपर पडला की तिथला उंचवटा आधी झिजतो आणि तिच्यावर चिकटवलेली कापडी टेप कापली जाते, म्हणून रिबवर बोटानंच घासायचं.

पांढरा गेला, मग चंदेरी थर लागला. हा अॅल्युमिनियमचा थर, कापडाला उन्हापासून राखणारा. कापड कोणतं हे तोपर्यंत आम्हाला नक्की माहीत नव्हतं. फाटलेल्या कडेचा एक दोरा काढून, शेडबाहेर दूर नेऊन काडी लावली. सुती असता तर राख झाली असती. हा वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. पॉलिएस्टर. त्याला एमईके काही करत नाही, आणि ही या रसायनाची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

चंदेरी थरावर भिजवलेली चिंधी ठेवली आणि डोप अक्षरशः साय निघावी तसा निघाला. करड्या लगद्याची पट्टी सरकत आली, तिच्याखाली कापडाचे उभे-आडवे धागे दिसायला लागले. सगळी पोरं वाकून बघत होती. त्या दिवशी मी माझं मत बदललं. डोप काढायला याच्यासारखं दुसरं काही मी वापरलेलं नाही. गाड्यांचा रंग काढणारी जेल कापडावर आणू नका असं सांगेन. त्यातल्या काहींमध्ये वाफ अडवायला मेण घातलेलं असतं, ते धाग्यांत राहिलं तर वरचा नवा डोप नीट धरत नाही.

आता खरवडायचं कशानं? आधी जुनं एटीएम कार्ड घेतलं. दहा मिनिटांत ते मऊ पडून वाकलं, कारण ते पीव्हीसीचं आणि एमईके पीव्हीसीला विरघळवतं. शेवटी कळकाची चीप तासून, तिची कड पेपरवर गोल करून घेतली. आठ महिने तीच वापरतोय. स्टीलची पट्टी कापडाजवळ नेऊच नका.

एकदा चूक झाली. फाटलेल्या कडेजवळ चिंधी जास्त भिजली, एमईके आत झिरपलं आणि शेजारच्या रिबवरची टेप नऊ इंच सुटली. टेपही डोपनंच चिकटवलेली असते, तिला काय ठाऊक आपण नेमकं कुठलं काढतोय. ती पुन्हा बसवण्यात दोन दिवस गेले. चिंधी पिळून, ओली पण न गळणारी, एवढीच ठेवायची.

आता बुचाबद्दल. मला माहीत आहे, कुणी म्हणेल डब्याच्या बुचावर एवढं काय लिहायचं. पण माझा अर्धा खर्च त्या बुचानं केलाय.

एमईके ८० अंशांना उकळतं. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चाळीसच्या वर पारा जातो. भिजवलेली चिंधी दोन-तीन मिनिटांत कोरडी, डोप मऊ व्हायच्या आतच. त्यावर उपाय सापडला: दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून, उलगडून चिंधीवर ठेवायची. ती पॉलिथीनची असते, एमईकेनं लगेच बिघडत नाही. झाकून दहा मिनिटं ठेवली की एका चिंधीत जे काम होतं, त्याला आधी चार चिंध्या लागायच्या. कामही सकाळी साडेसहाला सुरू करून साडेनऊला बंद. एवढी काटकसर करूनही डबा हलका होत होता.

मग वजनकाटा आणला. पाच लिटर एमईके भरतं चार किलोच्या आसपास. एका सोमवारी डबा बंद करून, हात न लावता ठेवला. दहा दिवसांनी ५८० ग्रॅम कमी. पाऊण लिटरला थोडं कमी, नुसतं हवेत! आणि ती हवा मुलं श्वासात घेत होती, ते मला जास्त लागलं.

बूच उघडून पाहिलं तर आतला काळा रबरी वॉशर फुगून वाकडा झालेला, बूच आट्यावर पूर्ण बसतच नव्हतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला, कारण त्याच आठवड्यात मुलांचे निळे नायट्राइल हातमोजे बोटांशी असेच फुगून चिकट झाले होते. नायट्राइल एमईकेपुढं टिकत नाही. ब्युटाइल रबरचे हातमोजे लागतात, ते आम्ही नंतर मागवले. वॉशरही मला त्याच जातीच्या रबराचा वाटतो. विकणाऱ्याला आपण काय विकतो हे कळायला नको?

डबा घेऊन दुकानात गेलो. "माल बरोबर आहे ना सर? मग बुचाचं काय घेऊन बसलात?" हे उत्तर मिळालं. मी वजनाची वही दाखवली. "उन्हाळ्यात उडतंच," म्हणाले. दुसरा डबा दाखवला, त्याचंही बूच तसंच. तीन फेऱ्या झाल्या, जाऊन-येऊन दर वेळी सव्वा तास. शेवटी त्यांनी आतून दाबून बसवायचं प्लॅस्टिकचं पांढरं बूच दिलं, तेही विकत.

खरा इलाज नळाच्या कामात मिळाला. टेफ्लॉनची टेप, प्लंबर आट्याला गुंडाळतात ती. रबरी वॉशर काढून टाकला, आतलं पांढरं बूच दाबलं, आट्यावर टेपचे पाच वेढे. टेफ्लॉनला एमईके काही करत नाही. ही एक टेप मला मार्चमध्येच सुचली असती तर एक डबा वाचला असता.

पावसाळ्यात पुन्हा मत थोडं बदललं. जुलैत एमईकेनं धुतलेल्या जागेवर नवा डोप मारला आणि तो पांढुरका पडला. झपाट्यानं उडणारं द्रव पृष्ठभाग थंड करतं आणि दमट हवेतलं पाणी तिथं बसतं. एमईकेचा हा गुण पावसात अवगुण होतो. आता पाऊस असेल त्या दिवशी फक्त रंग काढतो, डोपचं काम उन्हाच्या दिवशी. आमच्याकडं पावसातही कोरडे दिवस मुबलक मिळतात, म्हणून निभावलं.

ठिगळ दातेरी कडेचं, इस्त्रीनं आधी १२० अंशांवर, मग १७५ च्या आसपास ताणलं. इस्त्रीच्या डायलवर विश्वास न ठेवता थर्मामीटर लावून. हीटगन वापरू नका, तिचं तापमान हातात राहत नाही आणि पॉलिएस्टर वितळतं. दोन्ही ठिगळं पंखावर बसलीत, बोटानं टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज येतो.

वापरायचं असेल तर माझं सांगणं एवढंच: एमईके घ्या, जेल घेऊ नका. वाफ अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क आणि ब्युटाइलचे हातमोजे आधी घ्या. टेफ्लॉन टेप सोबतच आणा, आणि डबा घेताना दुकानातच बूच उघडून आतला वॉशर बघा. रबरी असेल तर आतलं बूच तिथंच मागा, फुकट.

डिसेंबरात उजवा पंख घ्यायचाय, तिथंही टूकेच आहे. टेप लावल्यापासून दर सोमवारी डबा वजन करतो. गेल्या सोमवारी १ किलो ३२० ग्रॅम होतं, आज १ किलो ३१५.