प्लांटनेट अ‍ॅप: न लावता उगवलेलं रोप ओळखायला कितपत उपयोगी?

पावसाळ्यात वाफ्यात आणि कुंड्यांत न लावलेली रोपं वर येतात. ठेवायचं की उपटायचं हे ठरवायला आधी नाव हवं, आणि त्यासाठी फुकट अ‍ॅपांमध्ये प्लांटनेट नक्की वापरावं असं आहे. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांचं हे अ‍ॅप 2013 पासून चालू आहे. फुलोऱ्यावरच्या झाडासाठी पाचपैकी साडेचार गुण, कोवळ्या रोपासाठी मात्र दोनच.

सगळी मदार फोटोंवर. एकाच नोंदीत पान, फूल, फळ, खोड असे वेगवेगळे फोटो जोडा. पानामागे पांढरा कागद धरा, नाहीतर शेजारचं गवतच ओळखलं जातं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसेल असा फांदीचा एक फोटो हवाच. रानटी रोपासाठी अ‍ॅपमध्ये भारतीय उपखंडाच्या वनस्पतींची यादी निवडा. शोभेची झाडं बहुतेक परदेशी, त्यांच्यासाठी जागतिक यादी बरी. अ‍ॅप संभाव्य नावं आणि प्रत्येकापुढे खात्रीचे टक्के दाखवतं; पहिल्या नावापुढे 30 आणि दुसऱ्यापुढे 25 टक्के आले, तर फोटो अपुरे आहेत असं समजा.

खरी अडचण गाजरगवताची. अ‍ॅपला खात्रीसाठी फूल हवं आणि गाजरगवत तर फुलण्याआधीच उपटायला हवं, कारण एकेक झाड हजारो बिया टाकतं. म्हणून एकच रोप कळी उमलेपर्यंत नजरेखाली ठेवा, फोटो काढा आणि लगेच मुळासकट काढा. बाकीची त्याआधीच उपटा: जमिनीला चिकटून पसरलेली, गाजरासारखी चिरलेली लवदार पानं हीच खूण. शेवंतीचं रोप समजून ते हमखास राखलं जातं. हातमोजे घाला; त्वचेवर पुरळ उठतं, दमाही वाढतो.

जमिनीवर पसरणारी शोभेची वेडेलिया आणि आपला पिवळा माका यांतही घोटाळा होतो. दोघांची फुलं पिवळी, म्हणून पान बघा: वेडेलियाच्या पानाला बहुधा तीन खंड असतात, माक्याचं पान अरुंद आणि अखंड. चुकून माकाच उपटला तर औषधी झाड जातं. वेडेलिया नुसती ओढू नका. प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तुटलेला तुकडा पुन्हा रुजतो. माती ओली असताना खुरप्यानं भुसभुशीत करून पेरं वेचा, प्लॅस्टिकवर कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. खतखड्ड्यात किंवा नाल्यात टाकू नका. दर पंधरा दिवसांनी फेरी मारावीच लागते.

घाणेरीला अ‍ॅपची गरज नाही, वासच पुरे. पण वरून छाटली की ती दुप्पट फुटते. जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर मुख्य मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे काम फळं धरण्याआधी करा, कारण बिया पक्षी पसरवतात. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक गवत लावा, नाहीतर तिथे घाणेरीचीच रोपं येतात.

आणि खाण्यासाठी या अ‍ॅपवर मुळीच विसंबू नका. गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वेगळी आहे, याची सूचना आयुष मंत्रालयानं 2022 मध्ये दिली होती. गुळवेलीच्या खोडावर गाठी नसतात, क्रिस्पाच्या खोडावर उठावदार गाठी असतात. नुसत्या पानाच्या फोटोत हा फरक दिसतच नाही.